शून्यातून न जाणारी रेघ

“ही रेघ शून्यातून का जात नाही?”

निकम सरांनी ग्राफपेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला होता. बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. निकम बाहेरगावच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, मी शाळेची फिजिक्सची बाई, आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलापाशी उभी माझी विद्यार्थिनी जयमाला देवकर. प्रयोगशाळेतल्या बाकीच्या अकरा मुलींनी पटापट माना खाली घातल्या.

“जात नाही म्हणून नाही काढली, सर,” जयमाला म्हणाली.

ती उद्धटपणे बोलली नव्हती. वाण्याने तांदूळ संपलेत म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. पण निकमांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

हा माणूस सकाळपासूनच माझ्या डोक्यात गेला होता. विट्याहून पहिल्या एसटीने आला, शिरा दोनदा मागून घेतला आणि बोटं पुसत मला म्हणाला, “मॅडम, बारा पोरींसाठी एवढी लॅब? त्यापेक्षा पोळ्या लाटायला लावा. पोळीचा व्यास मोजतील, तेवढाच तुमचा प्रयोग.” मी हसले. परीक्षक म्हटला की हसावं लागायचं. मार्कांचा तक्ता मी आदल्या दिवशीच पेन्सिलीने भरून ठेवला होता, त्यांनी तो नुसता पेनाने गिरवून खाली सही करायची. आमच्याकडे तसं, त्यांच्याकडे तसं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कॉलेजात परीक्षक म्हणून जाणार होते आणि त्यांचा शिरा खाऊन त्यांचा तक्ता गिरवणार होते.

आमची शाळा मुलींची. तिथं सायन्स आणलं ते मी, आणि हे मी आजही कुणाला विसरू देत नाही. उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर गेले, आयांच्या चुलीपुढे बसले, बापांच्या शिव्या ऐकल्या. “पोरीला शिकवून कुठं रॉकेट उडवायचंय व्हय बाई?” हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचंही मी सोडून दिलं होतं. मुख्याध्यापक दर जूनला विचारायचे, “साळुंखे मॅडम, यंदा बंद करायची ना शाखा? पोरी येत नाहीत, काचसामान फुटतं, कशाला हा उपद्व्याप?” त्यांना फक्त एक निमित्त हवं होतं. आणि मी घरोघरी एकच आमिष दाखवायचे. प्रॅक्टिकलचे मार्क पैकीच्या पैकी, ते माझ्याकडे लागले.

ते मार्क कसे पडतात हे मुलींना अकरावीतच कळायचं. लंबकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, झोके मोजायचे, घड्याळ बघायचं, आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. पुस्तकात तो आकडा नऊशे ऐंशी दिलेला असतो. मग कोण कशाला झोके मोजत बसतंय? नऊशे ऐंशीवरून उलटं गणित करायचं, त्याला जुळणारी रीडिंग मांडायची, आणि लांबी शून्य तर वेळही शून्य, म्हणून ग्राफवर शून्यातून पट्टीनं सरळ रेघ ओढायची. अर्ध्या तासात काम फत्ते. हे मी कधी तोंडाने शिकवलं नाही. मी फक्त त्या वेळी खिडकीबाहेर बघायचे.

जयमालाचे वडील गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा, आमच्या भागातली निम्मी माणसं त्यासाठी देशभर पांगलेली आहेत. देवकरांची भट्टी तिकडे गुंटूरला होती. वर्षातून दोनदा गावी यायचे. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते एकदाचे बोलले.

“बाई, एक सांगतो. पोरीला नव्वद टक्के पडलं तर इंजिनेरिंगला धाडतो, सांगली म्हणा न्हाईतर पुणं म्हणा. न्हाई पडलं तर दिवाळीनंतर लगीन उरकून टाकणार. जागा बघून ठिवलीया.”

“पडतील,” मी म्हणाले.

“तुमच्या जिवावर न्हाई. तिच्या तिला पडाय पायजेत.”

मी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. हट्टी माणूस, मनात म्हटलं, शब्द तर दिलाय.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्या उचलल्या आणि जयमालाला लंबक आला. मला हायसं वाटलं, सगळ्यांत सोपा प्रयोग. बाकीच्या मुली तासाभरात उत्तर लिहून आपापल्या वहीवर हाताची घडी घालून बसल्या. ही मात्र दोरा कमी करतेय, परत बांधतेय, खाली वाकून गोळ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावतेय, आणि ओठ हलवत झोके मोजतेय. वीस नव्हे, पन्नास. मी दोनदा तिच्याजवळून गेले, खोकले, एकदा हळूच म्हणाले, “आवर ना, जयमाला.” तिनं मान हलवली आणि पुन्हा घड्याळ दाबलं.

तीन तास संपत आले तेव्हा निकम चहा संपवून टेबलं फिरायला निघाले, आणि पहिलीच रेघ त्यांच्या नजरेला पडली ती हिची.

“गोळ्याची त्रिज्या धरायला विसरलीस,” ते आता म्हणाले. “म्हणून रेघ सरकली. नेहमीची चूक. पोरींचं लक्ष असतं कुठं?”

“त्रिज्या धरलीय, सर. आणि विसरले असते तर रेघ शून्याच्या डाव्या अंगाला गेली असती. ही उजव्या अंगाला गेलीय. दोन सेंटीमीटर.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. निकमांनी वळून बघितलं तेव्हा अकराच्या अकरा डोकी खाली होती.

“मग काय झालंय, ते तूच सांग बाई आम्हाला,” ते म्हणाले. “आम्ही बावीस वर्षं शिकवतोय, आम्हाला काही कळत नाही.”

तिला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही तिनं तो बाजूला ठेवला. वहीवर बोट टेकवून ती सांगायला लागली. “लांबी शंभर घेतली तर उत्तर हजार येतं. चाळीस घेतली तर हजार तीस. दोरा आखूड केला की उत्तर फुगतं. म्हणजे प्रत्येक लांबीत काहीतरी सारखंच जास्तीचं मोजलं जातंय. म्हणून मी नुसत्या रेघेच्या चढावरून उत्तर काढलं. ते नऊशे अठ्ठ्याहत्तर आलं. म्हणजे झोके बरोबर आहेत, घड्याळ बरोबर आहे. ही मीटरपट्टीच सुरुवातीला दोन सेंटीमीटर कमी आहे, शून्याऐवजी दोनापासून सुरू होते.”

तिनं पट्टी पुढे केली. जुनी लाकडी पट्टी. पहिल्या दहापर्यंतचे आकडे आणि बारीक रेघा हात लागून लागून पुसून गेलेल्या.

आमच्या भागात खरं उत्तर जवळजवळ तेवढंच यायला हवं. पुस्तकातलं नऊशे ऐंशी ही वरवरची गोळाबेरीज. निकमांना ते माहीत असेल असं मला वाटत नाही. मला माहीत होतं. एमएस्सी होऊन अठरा वर्षं झाली होती आणि माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा कुणीतरी ते उत्तर खरोखर मोजून काढलं होतं. मला तिला तिथल्या तिथं उचलून घ्यावंसं वाटलं.

“पट्टी खोटी,” निकम सावकाश म्हणाले. “बरं. मग गेल्या साली मीच आलो होतो, तेव्हा दोन पोरींना हाच प्रयोग होता. त्यांचं उत्तर नऊशे ऐंशी. त्यांना कुठली पट्टी दिली होती?”

जयमालानं माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं, त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि निकमांना तर सगळ्यांत जास्त. तिनं ते दिलं नाही. माझ्यासाठी दिलं नाही.

“काय आहे, मॅडम,” निकम आता माझ्याकडे वळले आणि एकदम गोड बोलायला लागले. “पट्टी सदोष असेल तर मला बोर्डाला तसा रिपोर्ट करावा लागेल. लांबी मोजायचे सगळे प्रयोग बाद. बाराही पोरींचे मार्क अडकतील. तुमच्या मुख्याध्यापकांनाही कळवावं लागेल. तेव्हा तुम्हीच सांगा. पट्टी बरोबर आहे का ही पोरगी बरोबर आहे?”

“मोजून बघूया की,” जयमाला म्हणाली. “दिनकरमामांकडं टेप आहे. पाच मिनिटांचं काम.”

प्रयोगशाळेचा शिपाई दिनकर दारातच उभा होता. त्याचा हात खिशाकडे गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हात तिथंच राहिला.

“पट्टी बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मॅडम?”

“तुझी रीडिंग चुकलीत, जयमाला. नवा ग्राफपेपर घे.”

“कुठलं चुकलंय ते दाखवा, मी परत घेते.”

“वाद घालू नकोस. पेपर घे म्हटलं ना.”

“तुम्हीच अकरावीच्या पहिल्या तासाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता, पण थांबत नव्हता. “पुस्तकात आहे म्हणून मानू नका. आपल्याला जे दिसेल ते लिहा. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.”

निकम मोठ्यानं हसले. “बघा मॅडम. तुमचेच संस्कार.”

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, आणि राग निघाला तो तिच्यावर. मी निकमांच्या हातातून ग्राफपेपर घेतला आणि फाडला. आधी उभा, मग आडवा. सगळ्या मुली बघत होत्या. त्यातल्या प्रत्येकीच्या घरी मी कधी ना कधी चुलीपुढे बसले होते.

“मला नापास करा, सर,” जयमाला निकमांना म्हणाली. “मी तसंच ठेवते.”

मी तिच्या दंडाला धरून तिला टेबलाच्या पलीकडे नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, “नापास व्हायचंय? दिवाळीनंतर बोहल्यावर चढशील. मग मोज तिकडे जाऊन काय मोजायचंय ते. कळतंय का तुला? लिही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, मी तिची समजूत काढली असती. पण तिनं दंड सोडवून घेतला, नवा पेपर ओढला आणि बारा मिनिटांत सगळं उलटं गणित करून टाकलं. उत्तर नऊशे ऐंशी. शून्यातून गेलेली सुरेख सरळ रेघ. तिला ते येत होतंच, सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं.

“आता कशी शहाणी झाली,” निकम म्हणाले. “पैकीच्या पैकी द्या हिला. उगाच वाकडं नको.”

माझ्या पेन्सिलीच्या आकड्यावर त्यांनी पेन फिरवलं.

जूनमध्ये निकाल लागला. जयमालाला एक्क्याण्णव टक्के पडले, शाळेच्या इतिहासात सगळ्यांत जास्त. मी पेढे वाटले, मुख्याध्यापकांच्या टेबलावर मुद्दाम सगळ्यांत मोठा पुडा ठेवला. जयमाला मार्कलिस्ट न्यायला आली नाही, धाकट्या बहिणीला पाठवलं. इंजिनिअरिंगचे फॉर्म भरायची मुदत संपायला चार दिवस उरले तरी तिचा पत्ता नाही. मग शाळेत कुणीतरी सांगितलं की देवकरांच्या घरी गुंटूरला जायच्या बॅगा भरताहेत, आणि पोरगीही निघालीय.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच भर दुपारी त्यांच्या दारात उभी राहिले. देवकर सोप्यात सुतळीने खोकं बांधत होते. त्यांनी “या बाई” म्हटलं, मी बसलेसुद्धा नाही.

“शब्द दिला होता तुम्ही,” मी म्हणाले. “नव्वद म्हणाला होता, तिनं एक्क्याण्णव आणले. आता कुठल्या तोंडानं तिला घेऊन चाललात? तुमच्यासारख्या बापांनीच पोरींचा सत्यानाश केलाय. पोरगी हुशार निघाली की तुमच्या पोटात दुखायला लागतं. लग्न ठरवलंत ना? नवऱ्याला एवढी शिकलेली चालणार नाही म्हणाला ना कुणीतरी?”

देवकरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग उठून आत गेले आणि एक कागद आणून माझ्या हातात दिला. इंजिनिअरिंगचा फॉर्म. पालकांच्या सहीच्या जागी त्यांची वेडीवाकडी सही होती, तारीख आठ दिवसांपूर्वीची. बाकीचा फॉर्म कोरा.

“मी कुठं नको म्हनलो? माझी सही झालीया,” ते पुन्हा खोक्यापाशी बसत म्हणाले. “लगीनबिगीन काय न्हाई ठरलं. तिलाच इचारा. मी इचारून दमलो.”

जयमाला आतल्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

“हे काय, जयमाला?” मी फॉर्म तिच्यापुढे धरला. “वेड लागलंय का तुला?”

“ते मार्क माझे नाहीत,” ती म्हणाली.

“अगं, एका प्रयोगाचं काय घेऊन बसलीस? सगळीकडे असंच चालतं. मी ते कुणासाठी केलं? तुझ्यासाठीच ना? त्या बारा पोरींसाठी?”

“एक विचारू, मॅडम?”

“विचार.”

“पट्टी आखूड आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं का?”

सोप्यात देवकरांचा सुतळी ओढायचा आवाज थांबला. मला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात ते कुणी पकडलं नसतं.

“हो,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

“सात वर्षं झाली. टोक चिरलं होतं. नवी पट्टी मागितली असती तर मुख्याध्यापक म्हणाले असते, पोरींनी मोडली, बंद करा सायन्स. म्हणून चिरलेलं टोक मीच दिनकरकडून कापून घेतलं. आकडे घासून टाकले. कुणी खरं मोजतच नव्हतं, जयमाला. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय.”

तिनं मान हलवली, परीक्षेच्या दिवशी हलवली होती तशी.

“मग त्या दिवशी मला तीन तास का मोजू दिलं?” ती म्हणाली. “आधीच सांगायचं होतं. मी पण लिहून दिलं असतं.”

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. “मग काय करणार आहेस तू?” मी चढ्या आवाजात विचारलं. “गुंटूरला जाऊन भाकरी थापणार?”

“आण्णांना काट्यावर बसायला माणूस पाहिजे. मी बसणार आहे.”

“काट्यावर! फिजिक्समध्ये एवढे मार्क पाडून सोनं तोलत बसणार? या अडाणी धंद्यात?”

“तिथं काटा चुकला तर काटा बदलतात, मॅडम,” ती म्हणाली. “एवढंच.”

मग ती आत निघून गेली. तिच्या आईनं चहा आणून ठेवला, आणि मी तो अर्धा पिऊन निघाले. देवकरांनी फाटकापर्यंत यायची तसदी घेतली नाही.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मी प्रवेशाचं पत्रक छापून घेतलं. वरती जयमालाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, खाली ठळक अक्षरात तिचे एक्क्याण्णव टक्के, आणि त्याच्याखाली ‘प्रॅक्टिकल : पैकीच्या पैकी’. ते पत्रक घेऊन मी पुन्हा वाड्यावस्त्यांवर फिरले. अकरावी सायन्सला त्या वर्षी सत्तावीस मुली आल्या.